इतिहासचित्र कसे पाहावे: जॉन सिंगलटन कॉप्लीच्या चित्रांच्या आधारे

अठराव्या शतकातले एखादे मोठे इतिहासचित्र समोर आले की बहुतेक प्रेक्षक दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण ते छायाचित्राइतके खरे मानतात आणि त्यावरून त्या काळचे पोशाख, शस्त्रे, कोण कोणाच्या शेजारी उभे होते यांची खात्रीने वर्णने करू लागतात. तर काही जण हे सारे पैसे देऊन करवून घेतलेले कौतुक आहे, असे म्हणून पुढे सरकतात. दोन्ही मार्गांनी चित्र हातचे जाते. अशा चित्रात काही भाग कमालीचा विश्वसनीय असतो आणि काही भाग उघडउघड रचलेला असतो, आणि त्यांतला कोणता भाग कोणता हे ओळखण्याची रीत सरावाने साधते. त्या सरावासाठी जॉन सिंगलटन कॉप्ली हा फार सोयीचा चित्रकार आहे, कारण त्याने आधी सुमारे वीस वर्षे जवळजवळ केवळ व्यक्तिचित्रे काढली, मग तो इतिहासचित्रांकडे वळला, आणि त्याच्या प्रमुख चित्रांमागची घटना, तिची तारीख आणि चित्राचा पुढचा प्रवास यांची माहिती आज सहज मिळते. खाली दिलेली पद्धत त्याच्या चित्रांवर बेतलेली असली, तरी ती पुढे इतर चित्रांनाही लावता येते.

पूर्वतयारी

एक वही, पेन्सिल आणि मोठा पडदा असलेला संगणक एवढे पुरेसे आहे. मोबाइलवर हे काम होत नाही, कारण अठरा-वीस माणसांच्या गर्दीतला एक चेहरा मोबाइलच्या पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा उरतो. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट आपल्या संग्रहातील जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा विनामूल्य उतरवून घेऊ देते. बोस्टनचे म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स आणि लंडनची टेट यांच्या संकेतस्थळांवरही कॉप्लीची चित्रे पाहता येतात. बोस्टन, वॉशिंग्टन किंवा लंडन येथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी अर्थातच मूळ चित्रासमोर जावे, मात्र निघण्यापूर्वी ते चित्र सध्या दालनात लावलेले आहे की नाही, याची संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

घरी पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी. चित्राच्या माहितीत दिलेली लांबी-रुंदी घेऊन तेवढा आयत भिंतीवर खडूने आखावा. ‘वॉटसन आणि शार्क’ हे चित्र सुमारे 182 सेंटीमीटर उंच आणि 230 सेंटीमीटर रुंद आहे. हा आयत आखला की पाण्यात पडलेला मुलगा प्रेक्षकाच्या जवळजवळ स्वतःच्या देहाएवढा होता आणि ती होडी थेट अंगावर येत होती, हे पडद्यावरून कधीच न कळणारे सत्य लगेच कळते. व्यक्तिचित्राचे माप आणि इतिहासचित्राचे माप यांतला फरक हा केवळ कॅनव्हासच्या खर्चाचा फरक नव्हता.

सुरुवात व्यक्तिचित्रांपासून करावी

कॉप्लीचा जन्म 1738 साली बोस्टन येथे झाला. वडील लवकर वारले. आई बंदरावर तंबाखूचे दुकान चालवी. तिने 1748 साली पीटर पेलहॅम या छापचित्रकाराशी लग्न केले आणि त्यामुळे मुलाच्या हाती घरातच चित्रकलेची अवजारे आली. पेलहॅम मेझोटिंट पद्धतीने काम करी, म्हणजे तांब्याचा पत्रा आधी संपूर्ण खरबरीत करून, त्यातून उजेडाच्या जागा घासून गुळगुळीत करत चित्र बाहेर काढी. कॉप्लीच्या तैलचित्रांमध्ये गडद अंधारातून चेहरा आणि हात एकदम प्रकाशात येतात, त्याचे मूळ या घरगुती शिक्षणात शोधणे योग्य ठरते. पेलहॅम 1751 साली वारला, तेव्हा कॉप्ली तेरा वर्षांचा होता, आणि पुढे काही वर्षांतच तो व्यक्तिचित्रांवर पोट भरू लागला.

पहिला अभ्यास ‘पॉल रिव्हीअर’ या 1768 सालच्या चित्रावर करावा. हे चित्र बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे केवळ दिसते तेवढेच लिहावे आणि उजवीकडे आपल्याला आधीपासून ठाऊक असलेले लिहावे. डावीकडे येईल ते असे: कोट न घातलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, एका हातात चांदीची चहादाणी, दुसरा हात हनुवटीला, समोर टेबलावर नक्षी कोरण्याची अवजारे, चहादाणीवर अद्याप नक्षी नाही, आणि तिच्या चकचकीत पृष्ठभागात त्याच्याच बोटांचे प्रतिबिंब. उजवीकडे येईल ते असे: हा चांदीकाम करणारा कारागीर 1775 साली ब्रिटिश सैन्याच्या हालचालीची खबर देण्यासाठी रात्री घोड्यावरून निघाला आणि अमेरिकेच्या इतिहासात अमर झाला. या दोन बाजूंची सरमिसळ टाळणे हाच या अभ्यासाचा हेतू आहे, कारण चित्र काढले तेव्हा त्या दौडीला अजून सात वर्षे होती आणि कॉप्लीसमोर बसला होता तो एक ग्राहक. त्याच्या डोळ्यांत क्रांती दिसते असे लिहिणारे लेखक उजव्या बाजूचा मजकूर डाव्या बाजूला उतरवत असतात.

दुसरा अभ्यास उसनवारी ओळखण्याचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये श्रीमती जेराथमील बॉवर्स यांचे कॉप्लीने काढलेले चित्र आहे. त्याच्या शेजारी जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराने काढलेल्या लेडी कॅरोलाइन रसेल यांच्या चित्राचे मेझोटिंट ठेवून पाहावे. बसण्याची ढब, वस्त्र आणि मांडीवरचा कुत्रासुद्धा तोच आहे. बदलला आहे तो चेहरा. वसाहतीतल्या श्रीमंत घरांना लंडनची ऐट हवी होती, ती लंडनहून आलेल्या छापचित्रांतून मिळत होती, आणि त्या ऐटीवर स्वतःचा ओळखता येण्याजोगा चेहरा बसवून देणे हे चित्रकाराचे काम होते. यातून मिळणारा नियम पुढे फार उपयोगी पडतो: कॉप्लीच्या चित्रात चेहऱ्यावर विश्वास ठेवावा, देहाच्या ठेवणीवर मात्र लगेच ठेवू नये.

कॉप्लीला स्वतःला या कामाचा कंटाळा आला होता. आपल्या गावातले लोक चित्रकलेला सुतारकाम, शिंपीकाम किंवा चांभारकामासारखाच एक उपयोगी धंदा मानतात, अशी तक्रार त्याने एका पत्रात केली आहे. सावत्र भाऊ हेन्री पेलहॅम याचे पाळीव खारीसोबतचे चित्र त्याने 1765 साली रंगवले आणि पुढल्या वर्षी ते लंडनच्या प्रदर्शनात पाठवले. रेनॉल्ड्सने चित्राची स्तुती केली, परंतु रेखाटनात कठीणपणा, छायांमध्ये थंडपणा आणि बारकाव्यांचा अतिरेक आहे, असेही कळवले. हा शेरा रास्त असला, तरी माझ्या मते कॉप्लीचे बोस्टनमधले सर्वोत्तम काम याच ‘दोषां’वर उभे आहे, टेबलाच्या लाकडातले प्रतिबिंब आणि पेल्यातले पाणी एवढ्या निष्ठुरपणे नीट पाहणारा डोळा लंडनमध्ये गेल्यावर थोडा सैलावला.

चित्रकाराची जागा तपासावी

इतिहासचित्राकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा: ही घटना घडली तेव्हा चित्रकार कोठे होता? कॉप्लीच्या बाबतीत याचे उत्तर बहुतेक वेळा “तेथे नव्हता” असेच येते.

तो बोस्टनमधून निघाला त्यामागेही इतिहास आहे. त्याने 1769 साली सुझॅना क्लार्क हिच्याशी लग्न केले. तिचे वडील रिचर्ड क्लार्क हे ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाचे बोस्टनमधले अडत्ये होते, आणि 16 डिसेंबर 1773 रोजी बंदरात जो 342 पेट्या चहा पाण्यात फेकण्यात आला, त्यात त्यांच्याकडे पाठवलेला मालही होता. कॉप्लीने सॅम्युएल अ‍ॅडम्ससारख्या चळवळ्या पुढाऱ्याचे चित्र काढले होते, तसेच ब्रिटिश सेनापती थॉमस गेज याचेही काढले होते; त्याने दोन्ही बाजूंमध्ये समेटाचा प्रयत्न करून पाहिला, तो साधला नाही, आणि जून 1774 मध्ये तो युरोपकडे निघाला. इटलीत त्याने प्राचीन शिल्पे आणि राफाएल, कोरेज्जो यांची चित्रे अभ्यासली, आणि नंतर लंडनमध्ये कुटुंबासह कायमचा स्थायिक झाला. यापुढे रंगवलेली हव्हाना, जर्सी किंवा जिब्राल्टर येथली दृश्ये लंडनच्या चित्रशाळेत जुळवली गेली, हे प्रेक्षकाने विसरू नये.

त्या काळी अकादम्यांमध्ये चित्रप्रकारांची उतरंड ठरलेली होती. इतिहास, पुराण आणि धर्म यांतले प्रसंग सर्वांत वर, व्यक्तिचित्र त्याखाली. त्यातही थोर प्रसंग म्हटला की प्राचीन पोशाख हवा, असा संकेत होता. कॉप्लीचाच समवयस्क, पेनसिल्व्हेनियात जन्मलेला बेंजामिन वेस्ट याने 1771 साली ‘जनरल वुल्फचा मृत्यू’ हे चित्र लंडनमध्ये मांडून 1759 सालच्या क्वेबेकच्या लढाईतले सैनिक त्यांच्या चालू काळातल्या गणवेशात दाखवले आणि त्या चित्राने नवी वाट रूढ झाली. वाट वेस्टने मोकळी केली खरी, पण त्याच्या चित्रात मरणाऱ्या सेनापतीभोवती जमलेल्यांपैकी कित्येक जण त्या क्षणी तेथे नव्हतेच. गणवेश खरा असला म्हणून प्रसंग खरा ठरत नाही.

‘वॉटसन आणि शार्क’: एका चित्रावर सविस्तर काम

हे चित्र निवडण्याचे कारण असे की यात राजा नाही, सेनापती नाही, लढाई नाही. ब्रुक वॉटसन नावाचा चौदा वर्षांचा पोरका मुलगा 1749 साली क्युबातल्या हव्हानाच्या बंदरात पोहत असताना त्याच्यावर शार्कने हल्ला केला. पहिल्या झडपेत उजव्या पोटरीचे मांस गेले, दुसऱ्या झडपेत पाऊल तुटले, आणि तिसऱ्यांदा मासा येत असताना सोबत्यांनी त्याला वाचवले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हाच मुलगा पुढे लंडनचा मोठा व्यापारी झाला आणि 1796 साली शहराचा लॉर्ड मेयर झाला. कॉप्लीने हा प्रसंग 1778 साली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनंतर, रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात मांडला.

प्रथम माहितीचा फलक न वाचता निदान दहा मिनिटे केवळ पाहावे, आणि होडीतले नऊ पुरुष एकेक करून वहीत उतरवावेत. प्रत्येकाची नजर कोठे आहे, हे बाणाने दाखवावे. बहुतेक बाण पाण्यातल्या मुलाकडे जातात, भाला उगारलेल्या माणसाचा माशाकडे जातो, आणि या रेघा काढून झाल्यावर संपूर्ण रचना एका त्रिकोणात बसवलेली असून तिचा माथा उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय खलाशाच्या डोक्याशी आहे, हे ध्यानात येते. दोर त्याच्या हातात आहे. एका प्राथमिक रेखाटनात या जागी गोरा खलाशी होता, म्हणजे हा बदल कॉप्लीने विचारपूर्वक केला. त्याचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रेक्षकाने मात्र अर्थ लावण्यापूर्वी बदल झाला एवढी गोष्ट पक्की नोंदवावी.

त्यानंतर उसनवारी शोधावी. पाण्यात उलटा पडलेला मुलगा नीट न्याहाळला तर त्याच्या ताणलेल्या देहात बोर्गेझे ग्लॅडिएटर या प्राचीन शिल्पाची ठेवण दिसते. कॉप्ली इटलीत असताना ते शिल्प रोममध्येच होते आणि आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. भाला मारणारा माणूस सैतानाला पायाखाली घेणाऱ्या संत मायकेलच्या चित्रपरंपरेतून आला आहे, आणि होडीतून खाली वाकलेल्या दोघांचे हात पाहताना राफाएलच्या मासेमारीच्या प्रसंगाची आठवण होते. ही उसनवारी म्हणजे चोरी, असे त्या काळी कोणी मानत नसे. पोहणाऱ्या एका अनाथ मुलाचा अपघात थोर चित्रप्रकाराच्या पंक्तीत बसवायचा, तर त्याला थोर चित्रांची अंगकाठी द्यावी लागे.

आता चुका. कॉप्लीने हव्हाना पाहिले नव्हते, त्यामुळे मागच्या बंदराची मांडणी त्याने छापील चित्रांवरून केली असावी. शार्क तर त्याने जिवंत पाहिलाच नसावा, कारण या माशाला चक्क ओठ आहेत. हसू येणे साहजिक आहे, परंतु वहीत ही नोंद गांभीर्याने करावी: जे चित्रकाराने पाहिले नाही तेथे हात चाचपडतो, आणि त्याच चित्रात खलाशांचे चेहरे मात्र पूर्ण खात्रीने रंगवलेले आहेत, कारण त्यांच्यासाठी माणसे समोर होती. डेट्रॉइटच्या संग्रहालयात त्या कृष्णवर्णीय खलाशासाठी केलेला डोक्याचा तैलअभ्यास आहे आणि तो पाहिला की हा फरक आणखी स्पष्ट होतो. इतक्या मोकळ्या, जलद हाताने कॉप्लीने क्वचितच रंगवले आहे.

शेवटी चित्र कोणाकडे गेले ते पाहावे. वॉटसनने मृत्युपत्राद्वारे ते गरीब मुलांसाठी असलेल्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेला दिले, मुलांना त्यातून बोध मिळावा म्हणून. म्हणजे बंदरातल्या या अपघाताची गोष्ट त्याच्या हयातीतच पोरक्या मुलाने संकटावर मात करून मोठे पद गाठल्याची गोष्ट झाली होती. तुटलेले पाऊल चित्रात पाण्याखाली, रक्ताच्या लाल छटेत झाकलेले आहे, आणि बोध देण्यासाठी ते तसेच असणे सोयीचे होते.

तारखा, पोशाख आणि पैसा

पुढच्या चित्रांना हीच पद्धत लावायची, त्यामुळे येथे थोडक्यात सांगतो. ‘अर्ल ऑफ चॅटमचा मृत्यू’ या चित्राचे नावच आधी तपासावे. चॅटम, म्हणजे ब्रिटनचा माजी पंतप्रधान विल्यम पिट, 7 एप्रिल 1778 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या सरदारांच्या सभागृहात, कोसळला, पण मरण पावला तो 11 मे रोजी, आपल्या घरी. चित्रातील सरदार समारंभी लाल झग्यांत आहेत, साध्या कामकाजाच्या दिवशी ते असा पोशाख करीत नसत. असे असले तरी पन्नासहून अधिक चेहरे खऱ्या माणसांचे आहेत आणि कॉप्लीने ते एकेक करून मिळवले. लॉर्ड मॅन्सफील्ड मात्र सर्व धावपळीत जागेवर बसून राहिलेला दाखवला आहे, आणि चॅटमशी असलेले त्याचे वैर ठाऊक असणाऱ्या प्रेक्षकांना ती एक आकृती पुरेशी होती.

‘मेजर पीअरसनचा मृत्यू’ हे टेटमधले चित्र घटनेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे. फ्रेंच तुकडीने जर्सी बेटावर हल्ला केला तो 6 जानेवारी 1781 रोजी. ऐन चोविशीतला फ्रान्सिस पीअरसन चढाईच्या सुरुवातीलाच पडला आणि लढाई त्याच्या माघारी जिंकली गेली. कॉप्लीने मृत्यू आणि विजय एकाच क्षणात आणले. उजवीकडे घाबरून पळणाऱ्या बायकामुलांसाठी त्याच्या स्वतःच्या घरातली माणसे उभी राहिली होती, त्यामुळे तो कोपरा सेंट हेलियर या जर्सीतल्या गावाच्या नागरिकांविषयी पुरावा म्हणून वापरता येत नाही. कॉप्लीच्या कुटुंबाविषयी वापरता येतो.

पैशाचा प्रश्न शेवटी विचारावा, आधी विचारला तर डोळे झाकले जातात. चॅटमचे चित्र कॉप्लीने 1781 साली अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनाच्याच हंगामात स्वतंत्रपणे, प्रवेशशुल्क घेऊन दाखवले. सुमारे 20,000 लोक ते पाहून गेले आणि अकादमीतले सहकारी दुखावले. यापलीकडे छापचित्रांच्या आगाऊ वर्गणीतून उत्पन्न मिळे. विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा चेहरा आणि स्वच्छ गोष्ट हवी असे, आणि या चित्रांची बरीचशी रचना त्या मागणीने ठरलेली आहे. लंडन शहराच्या महापालिकेने मागवलेले ‘जिब्राल्टरचा वेढा’ हे सुमारे साडेसात मीटर रुंदीचे चित्र 1791 साली पूर्ण झाले, आणि त्यासाठी काही अधिकाऱ्यांचे चेहरे टिपायला कॉप्ली 1787 साली जर्मनीत हॅनोव्हरपर्यंत गेला होता. एवढे कष्ट घेऊनही चित्र मला अवजड वाटते. जमलेल्या अधिकाऱ्यांपैकी प्रत्येक जण आपल्या व्यक्तिचित्रासाठी थांबला आहे आणि समुद्रात बुडणाऱ्यांकडे कोणाचे पुरते लक्ष नाही. नंतरच्या काळात मागणी ओसरली, कर्ज वाढले, आणि 1815 साली कॉप्ली लंडनमध्ये वारला.

मराठी वाचकासाठी एक सराव

ही पद्धत हाताला बसली की ती पुण्याच्या दरबाराच्या चित्रावर वापरून पाहावी. थॉमस डॅनियलचे 1805 सालचे हे चित्र टेटच्या संग्रहात आहे आणि त्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धचा 1790 सालचा तह सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात करताना दाखवला आहे. चित्रकाराची जागा तपासली तर असे आढळते की डॅनियलने हे चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने केलेल्या तयारीवरून उभे केले, आणि वेल्स स्वतः मुंबईत उतरला तो 1791 साली, म्हणजे तहानंतर. वेल्स 1795 साली वारला. त्याच वर्षी पेशवेही वारले. तहाच्या वेळी सवाई माधवराव सोळा वर्षांचे होते आणि वेल्ससमोर ते त्यानंतर बसले, म्हणून चित्रातला चेहरा कोणत्या वयाचा आहे हे पाहण्यासाठी तो वेल्सने काढलेल्या पेशव्यांच्या स्वतंत्र चित्राशेजारी ठेवावा. मग दरबारात ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची यादी करावी आणि 1790 साली तो पुण्यात होता का, हे छापील पेशवेकालीन पत्रव्यवहारात पाहावे. महादजी शिंद्यांचे नाव कोणी चित्रातल्या एखाद्या आकृतीला लावले, तर ते पुण्यात आले 1792 साली, एवढे लक्षात ठेवून मगच ते नाव यादीत घ्यावे.